नियोजित बेटाची तहकूब सभा

बेटाला नाव नव्हतं. खरं तर नावं ढीगभर होती, म्हणूनच नाव नव्हतं. एका गटाला बेटाला राजाचं नाव द्यायचं होतं, दुसऱ्याला संताचं, तिसऱ्याला कुलदेवतेचं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गुप्त्यांना स्वतःच्या वडिलांचं. नामकरण समितीचा अहवाल येईपर्यंत धक्क्यावरच्या पाटीत नावाची जागा मोकळी सोडून पुढे कंसात ‘नियोजित’ असं रंगवलं होतं. खाऱ्या वाऱ्याने कंस उडाले, शब्द राहिला. आता बोटवाले, टपालवाले आणि रेडिओवरची हवामानाची बाई, सगळेच त्या बेटाला ‘नियोजित’ म्हणत. “उद्या नियोजितवर हलक्या सरींची शक्यता” हे ऐकून नव्या माणसाला वाटायचं, सरीसुद्धा इथे मंजुरी घेऊन पडतात.

‘दुसऱ्या मजल्यावरचे गुप्ते’ हीही जुनीच सवय. बेटावर सगळी घरं बैठी होती. मजले मागे राहिले होते, ठाण्याच्या खाडीकाठी, ‘सागरदर्शन’ नावाच्या इमारतीत. नाव ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गच्चीवरून दिसणारा सागर होता. सागराने मात्र आधी पार्किंगमध्ये, मग मीटरच्या खोलीत, आणि शेवटी एका भाद्रपदातल्या भरतीला तळमजल्याच्या देवघरात येऊन दर्शन दिलं. सबनिसांच्या बाथरूममधून गुप्त्यांच्या छतात होणारी गळती हा सोसायटीतला सर्वांत जुना वाद. आता अख्खी इमारतच खाडीत उभी असल्यामुळे ती गळती तात्त्विक उरली होती; पण गुप्ते तत्त्वाचे पक्के होते.

उदयन सबनीस सोसायटीचा अध्यक्ष होता. निवडणुकीच्या दिवशी तो दाढदुखीने घरी पडून होता, आणि गैरहजर माणूस हरकत घेऊ शकत नाही, म्हणून त्याची बिनविरोध निवड झाली. तसा तो या पदाला योग्यच होता. कुठल्याही प्रश्नावर त्याचं एकच उत्तर असे: “बघू.” लिफ्टचं बघू, पाण्याच्या टाकीचं बघू, गळतीचं बघू. इमारत बुडेपर्यंत त्याने बघितलं.

पुढची योजना सरकारची होती. ज्याची जमीन समुद्राने नेली, त्याला समुद्रातूनच जमीन काढून द्यायची. अंदमानच्या समुद्रात पाण्याखाली डोंगर आहेत आणि त्यांतल्या काहींच्या पोटात अजून आग आहे. असा डोंगर आपल्या मर्जीने पाण्याबाहेर यायचा तर त्याला हजारो वर्षं लागली तरी त्याची तक्रार नसते. द्वीपनिर्माण प्राधिकरणाला मात्र मुदत होती. त्यांनी माथा फारसा खोल नसलेला एक डोंगर निवडला, त्याच्या पोटातल्या वितळलेल्या खडकापर्यंत तिरकं भोक पाडलं, आणि त्या भोकावर हवी तेव्हा उघडता-मिटता येणारी झडप बसवली. कागदोपत्री तिचं नाव दोन ओळींचं होतं. सागरदर्शनच्या सभासदांनी पहिल्याच दिवशी तिला ‘नळ’ म्हटलं. जमिनीखालून काहीतरी ठरलेल्या वेळी, अपुऱ्या दाबाने येतं, ही कल्पना नगरपालिकेच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना मुळीच नवी नव्हती.

नळ उघडला, बेट वर आलं, नळ बंद केला, फीत कापली, माणसं राहायला गेली. तिथवर सगळं व्यवस्थित होतं. मग, वस्तीला दोन वर्षं झाल्यावर, तेजल वाघधरे आली.

तेजल प्राधिकरणाची ज्वालामुखी-तज्ज्ञ. मूळची संगमेश्वरची, वयाने लहान, बोलायला सरळ. तिने मंडपात सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, “काकू, फोडणीत ओला कढीपत्ता टाकला की काय होतं?”

“तडतडतो,” चार-पाच काकू एकदम म्हणाल्या. विज्ञानाच्या व्याख्यानात आपल्याला उत्तर येतं, याचा त्यांना आनंद झाला.

“इथे तेलाच्या जागी हजार-अकराशे अंशांचा लाव्हा आहे आणि कढीपत्त्याच्या जागी समुद्र. खोल पाण्यात वरच्या पाण्याचा दाब इतका असतो, की तडतडायला वाव नसतो. लाव्हा बाहेर येतो आणि उशांसारखे गोळे होऊन थिजतो. उशीवर उशी चढते. पण माथा पृष्ठभागाजवळ आला की पाण्याची क्षणात वाफ होते, स्फोट होतात, आणि लाव्ह्याचा भुगा उडतो. ती राख. हे बेट म्हणजे त्या राखेचा ढीग. रांगोळीचा असतो तसा.”

खाली बसलेल्या काही जणांनी नकळत जमीन चाचपून पाहिली.

“उत्तरेकडची राख गरम वाफेत शिजून घट्ट झालीय, जवळजवळ खडकच. तुमची घरं तिथे आहेत. दक्षिणेकडची कच्ची आहे. लाटा ती रोज थोडी थोडी चाटतायत.”

“मग समुद्रात इतकी बेटं टिकतात कशी?” उदयनने विचारलं. अध्यक्ष म्हणून नव्हे. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“राखेचा ढीग वाढत जातो तसं ज्वालामुखीच्या तोंडाभोवती कडं तयार होतं. ते समुद्राला बाहेर ठेवतं. पाणी नाही तर तडतड नाही. मग लाव्हा उतू गेलेल्या दुधासारखा शांतपणे उतारावरून पसरतो आणि थिजून कातळ होतो. तेच बेटाचं कवच. आपला सगळा सह्याद्री असाच थरावर थर बसून झालाय. काकू, तुमचा पाटा-वरवंटासुद्धा थिजलेला लाव्हाच.”

“अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं आम्ही लाव्ह्यावर चटणी वाटत होतो?”

“आणि आपल्या बेटाला कवच का नाही?” गुप्त्यांनी विचारलं.

तेजल जराशी अडखळली. “प्राधिकरणाच्या उद्दिष्टात क्षेत्रफळ होतं. पुरेसं क्षेत्रफळ पाण्यावर आलं तसा नळ बंद केला. टिकण्याबद्दल उद्दिष्टात काही म्हटलं नव्हतं.”

“म्हणजे स्लॅब टाकला आणि वॉटरप्रूफिंग राहिलं!” गुप्ते म्हणाले, आणि अख्ख्या सभेला ज्वालामुखीशास्त्र एका वाक्यात कळलं.

कळणं आणि पटणं यांत मात्र अंतर असतं. कवच घालायचं म्हणजे नळ पुन्हा उघडायचा आणि लाव्हा दक्षिण उतारावरून सोडायचा. सभासदांच्या जमिनीवर लाव्हा सोडायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. दक्षिण उतारावर नियोजित क्लबहाउस होतं. त्याचं भूमिपूजन झालेलं, आणि पूजा झालेल्या जागेवर लाव्हा घालणं कितपत योग्य, हा प्रश्न निघाला. कुणी आवाजाचं विचारलं, कुणी दुपारी दोन ते चार नळ बंद ठेवणार का असं विचारलं. शेवटी गुप्ते उठले आणि त्यांनी आवाज ओला करून म्हटलं, “आणि चारूवहिनींचा तुकडा? दीड-दोन वर्षं पोटच्या पोरासारखा जपलाय त्यांनी! त्यावर तुम्ही आग ओतणार?”

टाळ्या पडल्या. चारूवहिनींच्या तुकड्याच्या दोरीवर आंघोळीचे पंचे वाळत घालणारे गुप्तेच होते, हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबला. मग त्याच्या पुढच्या.

चारूवहिनी म्हणजे चारुलता, उदयनची बायको. तिने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. ठाण्याच्या गॅलरीत तिच्या कुंड्यांमुळे माणसाला उभं राहायला जागा नव्हती. घर सोडताना बोटीत कुंड्या न्यायची परवानगी मिळाली नाही. नियोजितवर आल्यावर पहिले काही महिने ती फारसं बोलली नाही. उदयन “काय झालं?” विचारायचा, ती “काही नाही” म्हणायची, आणि तो “बघू” म्हणायचा.

मग एक दिवस तिने दक्षिण उतारावर सतरंजीभर जागेला दोरी बांधली आणि जाहीर केलं, की इथे कुणी काही लावायचं नाही, काही टाकायचं नाही, काही उचलायचं नाही. जे येईल ते आपणहून येईल.

“कोण येईल?” उदयनने विचारलं.

“तेच बघायचंय.”

पहिला आला तो कोळी. स्वतःच्याच धाग्याला लोंबकळत, वाऱ्यावरून, कुठल्या किनाऱ्यावरून कोण जाणे. मग एक पीस आलं आणि त्यात दडलेला, भिंगाखालीच दिसेल असा किडा. एक नारळही वाहत आला होता. पण ती भिंग घेऊन पोहोचेपर्यंत गुप्त्यांनी त्याची सोलकढी केली. आणि एका पावसाळ्यानंतर, लाटेने फेकलेल्या कचऱ्यातून, एका तपकिरी बीने डोकं वर काढलं. पानं आपट्यासारखी, मधोमध दुमडलेली. चारुलता त्या सकाळी धावत घरी आली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने धावावं असं बेटावर तोवर काही घडलं नव्हतं.

“मर्यादवेल!” ती म्हणाली. “समुद्रात भिजत आली आणि तरी जिवंत! उदयन, हिला कुणी बोलावलं नव्हतं रे.”

तेव्हापासून दोघांचा सकाळचा चहा दोरीपाशी व्हायचा. ती वेलीची लांबी मोजायची, जांभळी फुलं किती वाजता उमलतात ते सांगायची. उदयनला त्यातलं निम्मं कळत नसे. पण खाडीकाठी हरवलेली आपली बायको इथे सापडली, एवढं त्याला कळत होतं. तो तुकडा नसता तर काय झालं असतं, याचा विचार त्याने कधी पूर्ण केला नव्हता.

मार्चमधल्या एका सकाळी तेजल त्या चहात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून चारुलताने तिला वेगळा कप भरून दिला नाही, आपलाच दिला.

“दूर दक्षिणेला, हजारो किलोमीटरवर मोठं वादळ झालं होतं,” तेजल म्हणाली. “इथे वाराही नाही, पण त्याच्या लाटा चालत आल्यायत. आज संध्याकाळच्या भरतीला पोहोचतील. तोंडाभोवतीचं कडं दक्षिणेला एवढं पातळ झालंय, की ते फुटणार. एकदा समुद्र आत शिरला की नळ उघडायची सोय नाही. उघडला तर परत फोडणी. कवच नाही, नुसती राख.”

“आणि भरतीच्या आधी उघडला तर?” उदयनने विचारलं.

“तर शांत लाव्हा. वाराही उत्तरेचा आहे, धूर समुद्राकडे जाईल, घरांना धोका नाही. लाव्ह्याची चालही गुप्तेकाकांपेक्षा कमी असेल. पण आज. पाचच्या आत.”

“नाही उघडला तर?”

“पाच-सहा पावसाळे काढाल. मग पुन्हा बोट.”

पुन्हा बोट. उदयनने चारुलताकडे पाहिलं. ती वेलीकडे पाहत होती.

“बघू,” तो म्हणाला.

“काका, बघायला आज संध्याकाळपर्यंतच आहे,” तेजल म्हणाली. “चार वाजता सभा बोलवा.”

सभा बोलावली. लाउडस्पीकरवरून तीनदा पुकारा झाला: विशेष सर्वसाधारण सभा, दुपारी चार, मंडपात. पण त्याच दुपारी, तीन आठवड्यांच्या खंडानंतर, धक्क्याला बोट लागली आणि बोटीवर कोथिंबीर होती. टोमॅटोही होते, पण टोमॅटोसाठी कुणी धावत नाही. राखेत कोथिंबीर काही केल्या उगवत नव्हती, आणि तिच्याविना मराठी माणसं किती दिवस सुसंस्कृत राहू शकतात याचा अंदाज सगळ्यांनाच येऊ लागला होता. अख्खी सोसायटी धक्क्यावर गेली.

तसंही चारची सभा म्हणजे पाचची, हे सागरदर्शनमध्ये सर्वमान्य होतं. याला कारण नोटिशीतलं एक वाक्य. प्रत्येक सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीच्या तळाशी ते असतं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. इतकी माणसं जमलीच पाहिजेत असा नियम, आणि नाही जमली तरी चालेल असाही नियम. त्यामुळे पहिल्या वेळेला कुणीच येत नसे. दुसऱ्या वेळेला यायचं असं म्हणत सगळे चहाच्या वेळेला येत.

चार वाजता मंडपात तिघं होती: उदयन, चारुलता आणि तेजल. उदयनने रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून सभा तहकूब केली.

“आता?” तेजलने विचारलं.

“आता अर्धा तास.”

“अर्धा तास काय करायचं?”

हा प्रश्न सहकार चळवळीत आजवर कुणी विचारला नव्हता. उदयन आणि चारुलता उठून दक्षिण उताराकडे चालू लागले.

समुद्र वरून साधा दिसत होता. पण लाटा लांब अंतराने येत होत्या, जाड, घाई नसलेल्या, आणि प्रत्येक लाटेनंतर उताराच्या पायथ्याशी राखेचा एक पापुद्रा खाली बसत होता. वेल दोरीच्या बाहेर हातभर गेली होती.

“एक तुकडा काढून कुंडीत लावू?” उदयन म्हणाला. “डबा आणलाय मी.” त्याने खरंच पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. तळाला भोकंही पाडलेली होती.

चारुलताने डब्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही. “नको. कुंडीतली वेल आणलेली होईल. ही आलेली आहे.”

“मग मी काय करू, सांग ना.”

“हे मला विचारायचं नाही. मी विरोधात मत देणार.”

“अगं, पण बेट...”

“मला कळतं बेटाचं. मला तेजलएवढंच कळतं. पण हिच्या बाजूने एक तरी मत पडायला हवं की नाही? टाळ्यांचं नाही, खरं मत.” ती दोरी सरळ करत होती. “तुला काय द्यायचं ते तू दे. फक्त तटस्थ राहू नकोस. सत्तावीस वर्षं मी तटस्थ माणसाशी संसार केलाय. भाजीत मीठ बरोबर आहे का, तर बघू. मुलीला परदेशी पाठवायचं का, तर बघू. तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा वर खुर्चीवर पाय घेऊन बसलास आणि काय म्हणालास?”

“बघू,” उदयन म्हणाला.

“हो. आणि पाणी वर आलं.”

बरोबर साडेचारला उदयनने खुर्चीत बसून सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. तेजलने चारी बाजूंना पाहिलं. “काका, कुणीच नाहीये.”

“गणपूर्तीची आवश्यकता नाही,” उदयन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो वेळेवर सुरू झाला होता आणि त्याला स्वतःलाच त्याची भीती वाटत होती. “ठराव: बेटाच्या संरक्षणासाठी नळ उघडून दक्षिण उतारावर लाव्हा सोडण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक, उदयन सबनीस. अनुमोदक?”

तेजलने हात वर केला.

“तू सभासद नाहीस, बाळा.”

तेजलचा हात खाली आला. ठरावाला अनुमोदक नाही म्हणजे ठराव नाही. मंडपात सभासद दोनच: ठाण्याचे दोन जोडलेले फ्लॅट, एक त्याच्या नावावर, एक तिच्या. धक्क्यावरून गुप्त्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यांच्या वाट्याची जुडी बारीक होती. खाली एक लाट आदळली आणि खुर्च्यांच्या पायांना ती कळली.

“अनुमोदन,” चारुलता म्हणाली.

उदयनने तिच्याकडे पाहिलं. “पण तू तर...”

“अनुमोदन म्हणजे ठराव मताला टाकावा, एवढंच. अनुमोदक मिळाला नाही म्हणून बेट बुडालं, असं कुणी म्हणायला नको. मत माझं विरोधात आहे. दोन्ही लिही.”

“ठरावाच्या विरोधात, एक,” उदयनने म्हटलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “बाजूने...” आणि त्याने स्वतःचा हात वर केला. “एक. समसमान मतं. अशा वेळी अध्यक्षांना निर्णायक मत असतं.”

‘बघू’ हा शब्द त्याच्या तोंडात येऊन बसला होता, ओळखीचा, गुळगुळीत, सुपारीसारखा. त्याने तो गिळला.

“बाजूने.”

“मोठ्याने,” चारुलता म्हणाली.

“बाजूने!”

तेजल तोवर पळत सुटली होती.

पाचाच्या सुमाराला सभासद मंडळी येऊ लागली, प्रत्येकाच्या हातात कोथिंबिरीची जुडी, मोठ्या मानाच्या सत्काराला निघाल्यासारखी. “हं, अध्यक्षमहाराज, करा सुरू,” गुप्ते म्हणाले.

“संपली.”

“संपली म्हणजे? अहो, पाच तर आत्ता वाजतायत!”

“सभा चारची होती, गुप्ते.”

“चारची सभा चारला कुणी घेतं का?” गुप्त्यांना हा विश्वासघात शब्दांत मांडता येईना. “मी निबंधकांकडे जाईन! ही सभा बेकायदेशीर...”

पुढचं त्यांना बोलता आलं नाही, कारण जमीन गुणगुणू लागली. वरच्या कड्याच्या काठावर एक केशरी रेघ उमटली. ती जाड झाली, काठावर जराशी थबकली, दूध उतू जाण्याआधी थबकतं तशी, आणि मग खाली उतरली.

लाव्हा वाहताना पाहिलेला माणूस सभासदांत नव्हता. सगळ्यांनी आगीची कल्पना केली होती. ती आग नव्हती. तो वितळलेला दगड होता. वरची साय लगेच काळी पडत होती, तिला सुरकुत्या पडत होत्या, आणि सुरकुत्यांच्या फटींतून आतला लाल जिवंतपणा डोकावत होता. काळी साय पुढे सरकायची, फुगायची, फाटायची, आणि त्यातून नवं केशरी बोट बाहेर यायचं. आवाज काच चिरडल्यासारखा, पण फार हळू. पाटा, वरवंटा, किल्ल्यांच्या भिंती, नदीचे घाट, सगळं कधीतरी असंच चालत आलं होतं, याचा उदयनला पहिल्यांदाच अर्थ लागला. इतकी वर्षं तो ज्याच्यावर उभा होता, ते सगळं कधीतरी वाहत होतं.

मग गुप्ते हळूच म्हणाले, “दाब चांगला आहे.”

चारुलता सगळ्यांच्या पुढे, तेजलने आखून दिलेल्या रेषेपाशी उभी होती. उदयन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. लाव्ह्याचं एक बोट तुकड्याकडे वळलं. आधी दोरी पेटली, वातीसारखी, चारी बाजूंनी. मग वेल.

“बघ,” चारुलता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते मिटले नाहीत. “पानं आधी पुरती दुमडली. जळण्याच्या आधी. रात्रीसारखी.”

जागा काळी झाली. केशरी बोट पुढे सरकून समुद्राला लागलं आणि पांढरी वाफ उठून दक्षिणेकडे गेली. भरतीच्या पहिल्या मोठ्या लाटा आल्या तेव्हा पायथ्याशी आधीच कातळाची धार तयार झाली होती. त्या आदळल्या आणि परत गेल्या.

“उद्याचा चहा कुठे घ्यायचा?” चारुलताने विचारलं.

“इथेच,” उदयन म्हणाला. लगेच.

गुप्ते खरंच निबंधकांकडे गेले. निबंधकांनी प्रकरण पुढच्या तारखेपर्यंत ठेवलं. ते अजून तिथेच आहे. दिवाळीपर्यंत कातळाचा वरचा थर पाय ठेवण्याइतका निवला. सभासदांनी त्याला ‘काळा कट्टा’ नाव दिलं, समितीविना, एकमताने. संध्याकाळी तिथे भेळ होऊ लागली. वॉटरप्रूफिंगची कल्पना मुळात आपली होती, असं गुप्ते येईल त्या पाहुण्याला सांगत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

चारुलताने कातळावर नवी दोरी बांधली. नियम जुनेच. उदयन रोज चहा घेऊन तिच्यासोबत बसे. कित्येक महिने तिथे काळ्या दगडाशिवाय काही नव्हतं, आणि ती दोघं ते काहीच-नाही मन लावून पाहत. मग एक कोळी आला. मग एक पीस. वेल आली नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी चारुलता दोरीशी वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. कातळाच्या भेगेत चिमूटभर राख साठली होती आणि तिच्यातून दोन पानं वर आली होती. कातरलेली, लवदार. तिने एका पानावरून हलकेच बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि ते उदयनच्या नाकासमोर धरलं.

“टोमॅटो,” उदयन म्हणाला. एवढं वनस्पतिशास्त्र त्याला येत होतं.

“भेळेतला. कट्ट्यावरून उडालेला.” ती टाचांवर बसली. “म्हणजे आपण आणलेला. आपणहून आलेला नाही. नियमाप्रमाणे उपटायला हवा.”

पण तिने हात पुढे केला नाही. रोप वाऱ्यावर जरासं हललं. अख्ख्या काळ्या उतारावर हिरवं म्हणून तेवढंच होतं.

“मग मांड ठराव,” उदयन म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि गंभीर होऊन सांगितलं, “ठराव: सदर रोप उपटून टाकावं. सूचक, चारुलता सबनीस.”

“अनुमोदन. मत विरोधात.”

“समसमान.” आता तिला हसू आवरेना, आणि या वेळी ते पुरतं आलं. “अध्यक्षांचं निर्णायक मत?”

उदयनने उतारावर नजर टाकली, समुद्राकडे पाहिलं, दोरीवरच्या कोळ्याच्या धाग्याकडे पाहिलं.

“गणपूर्ती नाही,” तो म्हणाला. “सभा अर्ध्या तासासाठी तहकूब.”

“म्हणजे परत तुझं ‘बघू’च.”

“नाही,” उदयन म्हणाला. “बघू या.”

दोघं रोपाच्या दोन बाजूंना बसली. खालचा कातळ अजून कोमट होता.